हलगी कोणत्या वाटेनं जाते

हलगी रेकॉर्ड करायला सोपी आणि मिक्समध्ये, म्हणजे बाकीच्या आवाजांच्या मेळात, बसवायला अवघड. समोर बरा माइक ठेवला की ती खणखणीत येते. गाण्यात मात्र एक तर गायकाच्या तोंडावर बसते, नाही तर कीबोर्डच्या मागं दडते. मग सुरू होते इफेक्टची भर. हलगीवर कंप्रेसर (मोठे ठोके दाबणारा), तिच्यावर रिव्हर्ब (घुमणाऱ्या जागेचा भास देणारा), संबळावर वेगळा रिव्हर्ब, दिमडीवर तिसरा, ऑक्टापॅड या इलेक्ट्रॉनिक पॅडमधून आलेल्या किकच्या खर्ज ठोक्यावर आधीचाच एक होता तो चौथा. लातूर, नांदेड, संभाजीनगरच्या छोट्या स्टुडिओंत एप्रिलमध्ये जयंतीची गाणी आणि नवरात्राच्या आधी देवीची गाणी रांगेनं येतात, तेव्हा असे प्रोजेक्ट रोज उघडतात. प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरमधले हे इफेक्ट, उत्तम असतात, आकडे वाईट नसतात, तरी ताल सुटा सुटा ऐकू येतो.

माझ्या मते निम्म्याहून जास्त वेळा दोष इफेक्टमध्ये नसतो, तो वाटेत असतो. आवाज कुठून निघाला, कुठं वळला, कुणाबरोबर मिसळला आणि किती वेळा मास्टरला (सगळं एकत्र येणाऱ्या शेवटच्या चॅनेलला) पोचला, हे आधी ठरवलं तर सॉफ्टवेअरसोबत फुकट आलेल्या प्लगइनवरही देवीचा गोंधळ उभा राहतो. तुळजापूरला, माहूरला किंवा अंबाजोगाईला देवीच्या दारात गोंधळ पडतो तेव्हा संबळ, तुणतुणं, झांज सगळं एकाच अंगणात वाजत असतं. बारा ट्रॅकवर बारा रिव्हर्ब म्हणजे बारा अंगणं. कान ते लगेच ओळखतो, फक्त त्याला नाव देता येत नाही. ऐकणारा एवढंच म्हणतो की ‘मजा आली नाही’.

इफेक्ट लावायच्या वाटा मुळात दोनच. पहिली इन्सर्ट: ट्रॅकचा सगळा आवाज इफेक्टमधून आरपार जातो. इक्वलायझर (आवाजाचे पट्टे कमी-जास्त करणारा), गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज मिटवणारा), कंप्रेसर इथं. दुसरी सेंड: ट्रॅक आपल्या वाटेनं जातो आणि त्याची एक नक्कल दुसऱ्या चॅनेलवर पाठवली जाते, जिथं इफेक्ट बसलेला असतो. रिव्हर्ब आणि डिले (प्रतिध्वनी) इथं. सेंडच्या चॅनेलवर रिव्हर्बचा वेट (इफेक्टचा आवाज) पूर्ण १०० टक्के आणि ड्राय (मूळ आवाज) शून्य ठेवायचा. ड्राय थोडाही सुटला तर मूळ आवाजाची दुसरी प्रत मिसळते, हलगीची पातळी आपोआप चढते आणि वाटतं की रिव्हर्बनं जोर आणला.

सेंड पोस्ट-फेडर ठेवला, म्हणजे नक्कल पातळीच्या सरकत्या बटणानंतर (फेडरनंतर) घेतली, तर ट्रॅक खाली ओढल्यावर त्याचा रिव्हर्बही खाली येतो. तालवाद्यांना हेच हवं. प्री-फेडरवर, म्हणजे फेडरच्या आधी, राहिलं तर अंतऱ्यात हलगी बंद केली तरी तिचं भूत मागं वाजत राहतं. प्री-फेडर कामाचं आहे ते गायकाच्या हेडफोनसाठी, आणि आणखी एका ठिकाणी, त्याबद्दल पुढं. रीपर या सॉफ्टवेअरमध्ये प्री-एफएक्स असा तिसराही पर्याय असतो: ट्रॅकवरचे सगळे इफेक्ट वगळून कोरा आवाज पाठवणारा.

आता मांडणी. सगळे ट्रॅक सुटे मास्टरला सोडू नयेत. गोंधळाच्या किंवा जयंतीच्या गाण्यात मी तीन गट धरतो. पहिला खर्जाचा: संबळाचं मोठं भांडं, ढोलकीचा धुमा, किक. दुसरा काडीचा: हलगी, संबळाचं लहान भांडं, दिमडी, ढोलकीची शाईची बाजू. तिसरा धातूचा: झांज, टाळ, घुंगरू. हे तीन गट एका मोठ्या ‘ताल’ बसमध्ये (बस म्हणजे अनेक ट्रॅक एकत्र करणारा चॅनेल), आणि तो बस मास्टरला. शेजारी तीन सेंड-चॅनेल: एक आखूड खोली (छोट्या खोलीचा रिव्हर्ब), एक लांब रिव्हर्ब, आणि एक कंप्रेसरखाली चिरडलेली समांतर प्रत. इंग्रजी प्रोजेक्टमध्ये त्या चॅनेलला ‘क्रश’ नाव दिसतं. मराठवाड्यातल्या प्रोजेक्टमध्ये ते ‘ठेचा’ असायला हरकत नाही. प्रमाणही तेवढंच लागतं.

वाद्यानुसार गट न करता आवाजाच्या पट्ट्यानुसार का? कारण संबळ हे मिक्सच्या दृष्टीनं एक वाद्य नाहीच. मोठ्या भांड्याचा घुमारा आणि लहान भांड्यावरची वेताची काडी यांना एकच कंप्रेसर लावला, तर घुमारा तो कंप्रेसर दाबतो आणि काडी विनाकारण खाली बसते. दोन माइक असतील तर प्रश्न सोपा. दोन्ही भांडी एकमेकांना बांधलेली असल्यामुळं एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये येणारच. तो गेटनं पूर्ण कापायच्या नादाला लागू नये. गेटनं आवाज ६ ते १० डीबी (डेसिबल) खाली आणला तरी पुरतं. पूर्ण बंद होणारा गेट प्रत्येक ठोक्याला दार उघडल्यासारखा ऐकू येतो.

एकाच माइकवर संबळ आलं असेल तर आवाजच दोन पट्ट्यांत फोडावा लागतो, आणि इथं एक जुनी फसगत आहे. ट्रॅकच्या दोन प्रती करायच्या, एकीवर २५० हर्ट्झच्या खालचं ठेवायचं, दुसरीवर वरचं, असं सरळ दिसतं. पण १२ डीबी प्रति सप्तक उताराचे दोन साधे फिल्टर लावले, तर जिथं ते भेटतात तिथं दोन्ही प्रती एकमेकींच्या उलट्या फेजमध्ये असतात, म्हणजे एकीची लाट वर तेव्हा दुसरीची खाली. मिसळल्यावर २५० हर्ट्झलाच खड्डा पडतो आणि संबळाचं पोट जातं. अशा वेळी एका प्रतीची पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) उलटी करावी, किंवा सरळ या कामासाठीच बनवलेला स्प्लिटर वापरावा. एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरमध्ये फ्रिक्वेन्सी स्प्लिटर आहे, रीपरच्या जेएस प्लगइनमध्ये ३-बँड स्प्लिटर मिळतो. काहीही प्रक्रिया न करता दोन्ही पट्टे परत जोडले, की संबळ पहिल्यासारखं वाजलं पाहिजे. ते वाजलं तरच पुढं जावं.

ढोलकीला दोन्ही तोंडांवर माइक असतील तर हाच प्रश्न वेगळ्या कपड्यात येतो. शाईच्या बाजूला थाप पडते तेव्हा ते कातडं आपल्या माइकपासून दूर जातं, आणि आतल्या हवेच्या दाबानं धुम्याचं कातडं त्याच्या माइककडे फुगतं. म्हणजे एका माइकला वजा, दुसऱ्याला अधिक. दोन्ही एकत्र ऐकताना एका चॅनेलवरचं पोलॅरिटीचं बटण दाबून बघायचं आणि ज्या स्थितीत खालचा आवाज भरतो ती ठेवायची. इक्वलायझरनं १०० हर्ट्झ वाढवण्याआधी हे बटण दाबलेलं असलं पाहिजे.

लांब ठेवलेल्या माइकची गोष्ट थोडी निराळी. २० अंश तापमानाला आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे एक मीटर लांबच्या माइकला हलगी जवळपास २.९ मिलिसेकंद उशिरा पोचते. ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४८,००० नोंदी (सॅम्पल) घेताना, हे १४० सॅम्पल झाले. हा माइक अंगणाचा भास देतो, म्हणून मी तो सहसा सरकवत नाही. सरकवायचाच असेल तर लाटेचं पहिलं टोक जुळवून, एकदाच. अर्धवट सरकवला की हलगी डबा वाजवल्यासारखी येते.

मे महिन्यात ४० अंशांवर आवाजाचा वेग ३५५ पर्यंत जातो, पण एका मीटरमागं फरक मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाएवढा. तो विसरून जावा. विसरून चालत नाही ते कातड्याचं. कोरड्या उन्हाळ्यात हलगी आपोआप ताणलेली असते, आणि पावसाळ्यात दर टेकच्या आधी शेकावी लागते. शेकलेली हलगी गार होत जाते तशी उतरते. पहिल्या कडव्यात जी शिट्टी ४८० हर्ट्झला सापडून तुम्ही कापली, ती शेवटच्या कडव्यात ४५० ला गेलेली असते, आणि तुमचा अरुंद कट रिकाम्या जागी बसलेला असतो. म्हणून हलगीचे टेक एका लांब ट्रॅकवर न ठेवता शेकल्यागणिक वेगळ्या ट्रॅकवर ठेवावेत. प्रत्येकावर फक्त आपापला कट असावा आणि बाकी सगळं काडीच्या गटावर. खोलीत कूलर चालू ठेवून रेकॉर्डिंग केलं असेल तर त्यावर कुठलाही बस औषध नाही.

इन्व्हर्टरवर झालेल्या रेकॉर्डिंगमध्ये गुणगुण येते, ५० हर्ट्झ आणि तिच्या पटीतली १००, १५०. ती काढणारे अरुंद कट ट्रॅकच्या पहिल्या इन्सर्टवर हवेत, कंप्रेसरच्या आधी. कंप्रेसर मोठे ठोके दाबून मधली शांतता वर उचलतो. आधी कंप्रेसर आणि मग कट असा क्रम लावला तर आधी गुणगुण मोठी करून मग तिच्या मागं लागल्यासारखं होतं. ‘ठेचा’ चॅनेलवर तर ती दहा-पंधरा डीबीनं वर येते.

त्याच चॅनेलचे आकडे. रेशो (दाबाचं प्रमाण) ८ ला १ किंवा १० ला १, अटॅक (दाब सुरू व्हायला लागणारा वेळ) जलद, १ ते ३ मिलिसेकंद, आणि थ्रेशोल्ड (जिथून दाब सुरू होतो ती पातळी) इतका खाली की सुई १० ते १५ डीबी दाब दाखवेल. रिलीज, म्हणजे दाब सुटायचा वेळ, लयीवरून काढायचा. मिनिटाला १४० ठोक्यांची लय असेल तर ६०,००० ला १४० नं भागून एक मात्रा ४२९ मिलिसेकंदांची येते, तिचा चौथा भाग १०७. हलगीची बारीक काडी याच चौथ्या भागावर पडत असते. म्हणून रिलीज ८० च्या आसपास, म्हणजे पुढची काडी येण्याआधी कंप्रेसर सुटलेला असतो. २०० ठेवला तर तो सुटतच नाही आणि ठेचा नुसता बारीक आवाजाचा ट्रॅक होऊन बसतो. फेडर तळाशी नेऊन हळूहळू वर आणावा. ऐकू यायला लागला की जरा खाली.

इथं कान फसतो. काहीही प्रक्रिया न केलेली नक्कलसुद्धा मूळ आवाजाखाली १० डीबीवर मिसळली तर एकूण पातळी सुमारे २.४ डीबी वाढते. मोठं वाजलं की चांगलं वाटतं, हा माणसाचा स्वभाव. म्हणून ठेचा चालू-बंद करून तुलना करताना ताल बस तेवढा खाली करूनच ऐकायचं. तरीही ठोक्यांच्या मधली जागा भरलेली वाटली तर तो कामाचा, नाही तर काढून टाकावा. झांज-टाळाचा गट ठेच्यात पाठवू नये. चिरडलेला टाळ पाच मिनिटांत डोकं उठवतो.

ताल बसवरचा कंप्रेसर याच्या उलट वागतो. रेशो २ किंवा ४, अटॅक ३० मिलिसेकंद, म्हणजे काडीचं टोक सुटून जाईल, रिलीज ऑटो, दाब २ ते ३ डीबी. त्याच्या डिटेक्टरमध्ये (पातळी मोजणाऱ्या भागात) हाय-पास, म्हणजे खालचा आवाज वगळणारा, फिल्टर असेल तर तो १०० हर्ट्झला लावावा. नाही तर संबळाच्या प्रत्येक घुमाऱ्याला झांजेसकट सगळा ताल श्वास घेतल्यासारखा खाली-वर होतो. क्लबच्या संगीतात तो परिणाम मुद्दाम आणतात. देवीच्या आराध्यांच्या गाण्यात तो बिघाडच वाटतो.

आता मास्टरला दोनदा पोचण्याचा घोळ. एफएल स्टुडिओत प्रत्येक मिक्सर ट्रॅक आधीपासून मास्टरला जोडलेला असतो. हलगी निवडून बसच्या खालच्या बाणावर नुसतं क्लिक केलं तर ती बसलाही जाते आणि मास्टरलाही. बाणावर उजवं क्लिक करून ‘राउट टू धिस ट्रॅक ओन्ली’ निवडलं तर मास्टरची वाट तुटते. रीपरमध्ये फोल्डर केला तर मुलं आपोआप आईमधूनच जातात, पण सेंड वापरून बस बनवला तर ट्रॅकच्या राउटिंगमधला मास्टर-पॅरेंटचा टिक काढावा लागतो. लक्षण ओळखायला सोपं: बसचा फेडर पूर्ण तळाशी नेला तरी हलगी वाजते. बसवर काहीच इफेक्ट नसेल तर दोन सारख्या प्रतींनी पातळी ६ डीबी वाढलेली असते. उशीर करणारा इफेक्ट असेल आणि सॉफ्टवेअरनं तो भरून काढला नसेल, तर हलगी नळीतून आल्यासारखी ऐकू येते.

हा उशीर स्वतंत्रपणे तपासण्यासारखा आहे. पुढचं बघून दाबणारे लिमिटर, लिनिअर-फेज इक्वलायझर हे आवाज थोडा थांबवून धरतात. सॉफ्टवेअर बाकीचे ट्रॅक तेवढेच थांबवून हिशेब जुळवतं, पण प्लगइननं स्वतःचा उशीर चुकीचा कळवला तर हिशेब चुकतो. तपासणी दोन मिनिटांची. समांतर चॅनेलवर तो प्लगइन आकडे निष्क्रिय ठेवून चालू करा, चॅनेलची पोलॅरिटी उलटी करा आणि मूळ ट्रॅकएवढ्याच पातळीला आणा. पूर्ण शांतता झाली तर उशीर जुळला. पातळ, किरकिरा आवाज उरला तर त्या प्लगइनला समांतर वाटेवर जागा नाही. इन्सर्टवर तो खुशाल वापरावा.

रिव्हर्बबद्दल एकच हिशेब पुरे. १०७ मिलिसेकंदांना एक काडी पडत असेल आणि रिव्हर्बची शेपटी १.८ सेकंदांची असेल, तर एक काडी विझेपर्यंत पुढच्या सोळा पडलेल्या असतात. मंदिराचा भास आणायला हे लावतात आणि मिळतो तो चिखल. आखूड खोली ०.४ ते ०.६ सेकंद ठेवावी, प्री-डिले (रिव्हर्ब सुरू होण्याआधीची फट) १५-२० मिलिसेकंद, आणि तिच्यात तिन्ही गट थोडे थोडे सोडावेत. हेच ते एक अंगण. रिव्हर्बच्या आधी ३०० हर्ट्झखालचं आणि ७,००० च्या वरचं कापून टाकावं. लांब रिव्हर्ब फक्त निवडक ठोक्यांना द्यावा, कडव्याच्या शेवटच्या थापेला वगैरे, सेंडची पातळी ऑटोमेट करून.

हलगीला मोठेपणा हवा आणि चिखल नको, तर १९८० च्या सुमाराची एक युक्ती अजून चालते. लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत ध्वनिमुद्रक ह्यू पॅडगम यांनी एसएसएल कंपनीच्या मिक्सिंग कन्सोलला जोडलेला, वादकांचं बोलणं ऐकण्यापुरता असलेला, जबर कंप्रेसर लावलेला माइक ड्रमसाठी वापरला आणि त्याची शेपटी गेटनं कापली. आपल्याकडं त्याची मांडणी अशी: एका नव्या सेंड-चॅनेलवर दीड-दोन सेकंदांचा रिव्हर्ब, त्याच्यामागं गेट, आणि गेट उघडायचा इशारा रिव्हर्बकडून न घेता कोऱ्या हलगीकडून. रीपरमध्ये हलगीकडून या चॅनेलच्या ३-४ क्रमांकाच्या इनपुटवर प्री-एफएक्स सेंड द्यायचा, आणि गेटचा डिटेक्टर ऑक्झिलरी इनपुटवर ठेवायचा. इशारा प्री असल्यामुळं हलगीचा फेडर कुठंही असला तरी गेट तितकाच उघडतो. मघाशी राहिलेला प्री-सेंडचा दुसरा उपयोग तो हा. गेटचा होल्ड (उघडा राहायचा वेळ) दोन काड्यांएवढा, २०० मिलिसेकंद, रिलीज ३०. सलग बारीक काड्या वाजल्या तर गेट मिटणारच नाही. ही युक्ती सुट्या, जड ठोक्यांसाठीच.

असाच इशारा खर्जाच्या गटाकडून बेसला देता येतो. संबळाचा घुमारा आणि कीबोर्डचा बेस दोन्ही १०० हर्ट्झच्या आसपास भांडतात. बेसवर कंप्रेसर लावून त्याला संबळाचा साइडचेन (बाहेरून येणारा इशारा) द्यावा, दाब ३ डीबीपर्यंत. एफएलमध्ये खर्जाच्या गटाकडून बेसच्या ट्रॅककडे ‘साइडचेन टू धिस ट्रॅक’ करायचं आणि फ्रूटी लिमिटरच्या ‘कंप’ (कंप्रेसर) भागात साइडचेनचा आकडा १ करायचा.

ऑक्टापॅडवर वाजवलेला ताल मात्र या सगळ्याला दाद देत नाही. डावं-उजवं अशा एकाच जोडीत किक, ताशा, टाळ्या सगळं पॅडच्याच रिव्हर्बसकट येतं, आणि मिसळलेलं पुन्हा वेगळं होत नाही. वादकाला पॅडचे इफेक्ट बंद करायला सांगा आणि ऑडिओच्या जोडीनं मिडीही (कोणता ठोका कधी आणि किती जोरात पडला याची नोंद) घ्या. मग तोच हात सॉफ्टवेअरमधल्या ड्रमवर चालवता येतो, आणि प्रत्येक आवाजाला वेगळं आउटपुट मिळतं. एफएलमध्ये प्लगइनच्या रॅपरमधलं (भोवतीच्या चौकटीतलं) ‘ऑटो मॅप आउटपुट्स’ हे काम करतं. मात्र प्लगइनमध्येही आउटपुट वेगवेगळे नेमलेले हवेत, नाही तर पंधरा रिकामे चॅनेल आणि एक भरलेला असं चित्र दिसतं.

मिरवणुकीतल्या गाडीवर गाणं वाजणार असेल तर ताल बस मोनो करून, म्हणजे डावं-उजवं एकत्र करून, ऐकावाच. बऱ्याच गाड्यांवर दोन्ही बाजूंना एकच आवाज जातो. एका बाजूला १५ मिलिसेकंद उशीर देऊन रुंद केलेली हलगी तिथं पोकळ होते. रुंदी हवी असेल तर दोन वेगळे टेक डावी-उजवीकडे ठेवावेत.

शेवटी गटवार फायली. व्हिडिओवाला किंवा दुसरा मिक्स करणारा तालाच्या सुट्या फायली मागतो, आणि एकेक गट सोलो करून (एकटा वाजवून) काढलेल्या फायली परत जोडल्या तर मूळ मिक्स येत नाही. कारण ताल बसचा कंप्रेसर एकटी झांज ऐकून दाबतच नाही. त्याला संबळ ऐकू आलं तरच तो दाबतो. शिवाय काही सॉफ्टवेअरमध्ये सोलो केल्यावर रिव्हर्बचे चॅनेल गप्प होतात. क्यूबेस या सॉफ्टवेअरमध्ये त्यांच्या सोलो बटणावर ऑल्ट धरून क्लिक केलं तर ते सोलोच्या कचाट्यातून सुटतात. म्हणून मास्टरचा लिमिटर आणि ताल बसचा कंप्रेसर बंद करून तीन गट कोरे काढावेत. खोली, लांब रिव्हर्ब आणि ठेचा यांच्या तीन फायली वेगळ्या, आणि कंप्रेसरसकट पूर्ण ताल बसची सातवी. सगळ्या ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, सगळ्यांची सुरुवात गाण्याच्या शून्य सेकंदापासून, हलगी दुसऱ्या कडव्यात येत असली तरी.